मॅडमच्या दारासाठी केलेलं चक्र

गेल्या वर्षी नाताळाच्या आधी मी लाकडाची दोन चक्रं केली आणि रंगवली. पहिलं शाळेच्या दारावर लागलं. दुसऱ्यावरून आमच्या घरात आणि शाळेत असं काही बिनसलं की ते अजून पुरतं सरळ झालेलं नाही.

चक्र हा माझाच शब्द. नाताळात दारावर हिरव्या पानांचं एक कडं टांगतात. मध्ये पोकळ, भोवती पानं, पानांत लाल फळं आणि खाली फीत. मी ते तोवर फक्त मोबाइलवर पाहिलं होतं.

मी वसमतला एका खाजगी इंग्रजी शाळेत चित्रकला आणि हस्तकला शिकवते. घर कुरुंद्याच्या बाजूच्या एका खेड्यात, रोज एसटीनं येणं-जाणं. आमच्या घरात पदवी घेतलेली मीच पहिली. शाळेच्या मुख्याध्यापिका आणि मालकीण एकच, त्यांना आम्ही मॅडम म्हणतो. मुलाखतीच्या दिवशी माझं इंग्रजी तिसऱ्या वाक्याला अडलं होतं. मॅडम म्हणाल्या, "लेकरांना जीव लावशील ना? मग बास." दोन ठिकाणी नकार ऐकून मी तिथं गेले होते. त्यांचे उपकार मी मानते, आजही मानते. पुढचं वाचताना एवढं लक्षात असू द्यावं.

डिसेंबर लागला तसं मॅडमनी आम्हाला स्टाफरूममध्ये जमवलं. दुसऱ्या एका शाळेनं आदल्या वर्षी गेटवर प्लॅस्टिकचं चक्र लावून त्याचा व्हिडिओ केला होता आणि तो पालकांच्या ग्रुपवर फिरला होता. मॅडमना ते वर्षभर खुपत होतं.

"आपल्याला प्लॅस्टिक नको," त्या म्हणाल्या. "हँडमेड पाहिजे. लाकडाचं, पेंट केलेलं. दरवर्षी काढलं की लावलं." मग माझ्याकडं बघून, "तू कर गं. तुझे हात चांगले आहेत."

मी खूश झाले. आमच्या घरातल्यांच्या हातांबद्दल लोक माझ्या लहानपणी वेगळंच काही बोलायचे, त्यामुळं असं कोणी म्हटलं की मी लगेच हो म्हणते. शेजारी बसणाऱ्या इंग्रजीच्या मिस मात्र हळूच म्हणाल्या, "झालं. आता तुझे तास आमच्या गळ्यात."

फर्निचरच्या दुकानात प्लायचे तुकडे पडलेले असतात, ते मागून आणले. मायची परात पालथी ठेवून बाहेरचा गोल काढला, आत ताटली ठेवून आतला. ते कडं दुकानदारानं मशीनवर कापून दिलं. पानं मी घरी कापली, शाळेतल्या बारीक पात्याच्या करवतीनं. मोबाइलवरच्या पानाला कडेनं काटे होते. प्लायमध्ये काटा कापला की तो करवतीखालीच तुटायचा, आणि एखादा वाचलाच तर पॉलिश पेपर मारताना त्याचा पापुद्रा निघायचा. बरीच पानं वाया गेली तेव्हा वैतागून मी काटे सोडले आणि साधं लांबट, टोकदार पान कापायला घेतलं. ते भराभर जमायला लागलं. खुणा न करताही सगळी सारख्या आकाराची निघत होती.

रविवारी मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, बंद असतो. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, मोंढ्यात हमाली करतात. हळदीची पोती उचलून त्यांचा एक खांदा खाली आला आहे. त्या दुपारी ते ओसरीवर आले, माझ्यासमोरच्या ढिगातलं एक पान उचललं आणि उलटंपालटं करून बघितलं.

"काय करून राहिली हे?"

"शाळेचं काम आहे, आबा. नाताळाचं."

"आंब्याचं पान हाय."

"न्हाई. ते तिकडचं एक झाड असतं, त्याला काटे—"

"मला पान शिकवून राहिली का?"

त्यांनी कडं बघितलं, मग पुन्हा पान.

"कुठं लावायचं?"

"शाळेच्या दारावर."

"सरकारी शाळा हाय का ती?"

"खाजगी."

"म्हंजे मालकाचं दार."

"लेकरांची शाळा आहे, आबा."

त्यांनी पान ढिगावर टाकलं आणि उठून गेले.

ते का उठले ते मला ठाऊक होतं. आमच्या घराकडं गावात दोर वळायचं आणि तोरण बांधायचं काम होतं. पोळ्याच्या दिवशी वेशीला मोठं तोरण आणि मग दारोदार लहान तोरणं, आंब्याच्या पानांची. आजोबांनी केलं, त्यांच्या वडिलांनी केलं, आणि मी प्राथमिक शाळेत असेपर्यंत आबांनीही केलं. मी पानांची टोपली घेऊन त्यांच्याबरोबर जायची. ते तोरण बांधायचे आणि आतून बाई यायची, हात लांब करून वरून पुरणपोळी टाकायची. मी फडकं पसरून धरायची. एका दारात माझ्या वर्गातली मुलगी उभी होती. एकाच बाकावर बसायचो आम्ही. माझ्या फडक्यात पोळी पडली तशी ती आत पळाली आणि दुसऱ्या दिवशी बाईंना सांगून तिनं बाक बदलला. घरी मी खूप रडले, एवढं मला आठवतं.

पुढच्या पोळ्याला आबांनी आंब्याच्या झाडाकडं पाऊलही टाकलं नाही. दुपारी गावातले तिघेजण आमच्या दारात आले.

"बैलं उभी हायेत वेशीत. तोरण काहून न्हाई?"

"तुमच्या हाताला काय झालं?" आबा म्हणाले.

त्या एका वाक्याची गावानं बरीच वर्षं वसुली केली. आमचे दोर कोणी घेईना. शेतावर कोणी बोलवीना. "लई मोठा झाला," असं म्हणून लोक आबांच्या वाटेत थुंकायचे. तेव्हा ते वसमतला मोंढ्यात आले आणि पोती उचलायला लागले. का सोडलं, हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. आमच्या स्वतःच्या दारालाही त्यांनी कधी तोरण लावू दिलं नाही. दसऱ्याला आसपासच्या सगळ्या घरांवर पानं दिसायची आणि आमची चौकट तेवढी कोरडी.

तर पहिलं चक्र मी कसंबसं पुरं केलं. प्रायमर, त्यावर हिरवा ऑइल पेंट. थंडीत रंग वाळता वाळेना, वर धूळ बसायची, पुन्हा घासायचं, पुन्हा रंग. लाल रंग शाळेच्या झोपाळ्याचा उरलेला मिळाला. झाडूच्या लाकडी दांड्याच्या चकत्या कापून त्यांची फळं केली. काडेपेटीच्या काडीनं पानांच्या टोकांवर पांढरे ठिपके दिले, बर्फासारखे. बर्फ मी पाहिलेला नाही. पण ठिपके दिले तेव्हा ते चक्र एकदम उजळलं, आणि मला ते फार आवडलं. हे सांगताना मला लाज वाटत नाही.

शाळेच्या दारावर ते लागलं. व्हिडिओ झाला, पालकांनी वाहवा केली, दुसऱ्या शाळेचं नाक कापलं गेलं म्हणून मॅडम दिवसभर हसत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं.

"आमच्या सासूबाईंना फार आवडलं गं. बंगल्यासाठी एक कर. मोठं कर थोडं. आणि नाताळाच्या आदल्या सकाळी तूच घरी येऊन लाव, व्यवस्थित. पाहुणे असणार आहेत. म्हणजे मला सांगता येईल, आमच्या मिसनी केलं."

मी हो म्हटलं. तिथं उभी राहून नाही म्हणण्याचं मला सुचलंही नाही. जिनं मला नोकरी दिली, तिनं कौतुकानं घरी बोलावलं होतं.

घरी मी मायला सांगत होते ते आबांनी ऐकलं. ते जेवत होते. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला.

"बंगल्याच्या दाराला?"

"हो."

"तू बांधणार? तुझ्या हातानं?"

"खिळ्याला अडकवायचं असतं, आबा. बांधायचं नसतं."

"ज्या दिवशी तू त्या दाराला ते लावशील, त्या दिवशी या घरात यायचं न्हाई. तिकडंच ऱ्हायचं. बंगल्यात."

माय म्हणाली, "अवं, पोरगीला असं बोलत्यात का?"

"शिकवली काहून मंग?" आबा मायवरच ओरडले. "पानं कापायला शिकवली का?"

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. काम तर करावं लागणारच होतं. मी संध्याकाळी ओसरीच्या कोपऱ्यात बसून पानं घासायची आणि आबा माझ्यासमोरून असे जायचे की जणू तिथं कोणी नाहीच. बोलायचे ते मायच्या मार्फत.

"तुझ्या मास्तरणीला म्हणावं, रंगाचा वास येऊन राहिला. जेवण जाईना."

"तुमीच म्हणा की, समोर तर बसलीय."

"मी मोठ्या लोकाइशी बोलत न्हाई."

मीही चिडले होते. मला वाटत होतं, यांचं भांडण गावाशी आहे आणि ते माझ्या नोकरीवर काढतायत. एकदा मी म्हणाले, "तुम्ही पोती उचलता ती पण मालकाचीच ना?" माय चूल सोडून मध्ये आली. आबा मात्र चप्पल घालून बाहेर निघून गेले आणि जेवायला आले नाहीत. त्या वाक्यानं मी जिंकले असं मला घटकाभर वाटलं. मग पानाला रंग देता देता मी ब्रश ठेवून दिला.

त्या संध्याकाळी रंग न लावलेली पानं माझ्यासमोर पडली होती. हिरवा रंग नव्हता म्हणून ती आणखीच स्पष्ट दिसत होती. आंब्याचीच होती. शिरेची जागा, देठाकडची किंचित वळलेली बाजू, सगळं. टोपलीत पाहिलेलं पान माझ्या हातात उतरलं होतं. मी मॅडमसाठी तोरण केलं होतं, फक्त गोल. आणि ते दारावर लावून झालं की कोणीतरी आतून बाहेर येणार होतं, काहीतरी हातात घेऊन. पोळी नसेल, केक असेल. वरून टाकणार नाहीत, प्लेटमध्ये देतील. तरीही मी ते घ्यायला दारातच उभी असणार होते.

चक्र मी पुरं केलं. कबूल केलेलं काम अर्धं सोडायचं नाही, हे मला आबांनीच शिकवलं आहे. मायच्या जुन्या साडीत गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन बसले तेव्हा कंडक्टर म्हणाला, "मॅडम, स्टेअरिंग कोणत्या गाडीचं काढून आणलं?" बसमधले सगळे हसले. मी हसले नाही.

ऑफिसात मॅडमसमोर इंग्रजीच्या मिस उत्तरपत्रिकांचे गठ्ठे लावत होत्या. मी चक्र टेबलावर ठेवलं.

"वा! हे तर पहिल्यापेक्षा छान झालंय. उद्या नऊ वाजता ये घरी."

"मॅडम, लावायला मला जमणार नाही. शाळेच्या शिपाई मावशींना सांगा, नुसतं खिळ्याला अडकवायचं आहे."

"का गं? बरं नाही का?"

"सकाळची गाडी नसते त्या वेळची."

"मग ड्रायव्हर पाठवते."

"घरी अडचण आहे."

"कसली अडचण? कोणी आजारी आहे का?" त्या खरोखर काळजीनं विचारत होत्या. "मला सांग ना. काही लागलं तर?"

त्यांनी एवढ्या मायेनं विचारलं की मला खोटं पुढं रेटता येईना. मी म्हणाले, "आमच्या घराकडं गावात पोळ्याचं तोरण बांधायचं काम होतं, मॅडम. दारोदार जाऊन. वडिलांनी ते सोडलं. आमच्यापैकी कोणी आता कोणाच्या दाराला काही बांधायचं नाही, असं त्यांचं आहे. म्हणून मी येणार नाही."

इंग्रजीच्या मिसचे हात गठ्ठ्यावर थांबले. या शाळेत मी तोवर माझ्या घराबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. तेवढ्या बोलण्यात सगळं आलं. आमची जात कोणती, हे त्या खोलीत आता कोणाला विचारावं लागणार नव्हतं.

मॅडम हसल्या. "अगं, वेडी आहेस का? आम्ही असलं काही मानत नाही."

"मला माहीत आहे, मॅडम."

"तुला घेताना विचारलं होतं का मी, तू कोण आहेस?"

"नाही."

"मग? मी मध्ये आणलं नाही, तू आणतेस. आम्ही मानत नाही आणि तू मानतेस! ये उद्या. माझ्या घरी बस, चहा घे, आणि लाव ते. तुझ्या वडिलांनाही कळू दे, जग कुठं गेलंय."

मला वाटलं, यांचं बरोबर असेल. अर्धी मी वळलेही होते. पण मानत नाही म्हणणाऱ्या बाईला मीच येऊन लावायला एवढी का हवी होते? मावशी अडकवू शकत होत्या. ड्रायव्हर अडकवू शकत होता.

"चहाला बोलवा, मॅडम, चहाला येते," मी म्हणाले. "लावायला येत नाही."

त्यांचा चेहरा उतरला नाही, घट्ट झाला. "म्हणजे मी तुला राबवून घेते, असं म्हणायचंय का तुला?"

"नाही, मॅडम."

"मी किती विश्वासानं तुला घेतलं इथं. लोक मला काय काय म्हणाले होते, माहितीये?"

काय म्हणाले होते ते मी विचारलं नाही. म्हणजे लोकांना आधीच ठाऊक होतं, आणि त्यांनाही. विचारलं नव्हतं कारण विचारायची गरजच पडली नव्हती.

"ठेवा ते तिथं," त्या म्हणाल्या. "आणि तासाला जा तुम्ही, मिस." तोवर त्या मला कायम अगं-तुगं करायच्या.

बाहेर इंग्रजीच्या मिस माझ्यामागून आल्या. "एवढं काय होतं त्यात? मला सांगितलं असतंस तर मी लावलं असतं जाऊन." मग थोडं थांबून, "मला वाटलंच होतं तसं."

"काय वाटलं होतं?"

"काही नाही गं."

चक्र बंगल्यावर गेलंच नाही. ते साडीसकट ऑफिसातल्या कपाटावर पडून राहिलं. चहाचं बोलावणंही आलं नाही.

त्या संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा मला वाटत होतं, आता तरी आबा बोलतील. मी दारातच सांगितलं, "उद्या मी जाणार नाही बंगल्यावर. सांगून आले."

"झालं बाई एकदाचं," माय म्हणाली. "हात-पाय धू, वाढते."

आबा भिंतीला टेकून बसले होते. "काय सांगून आली?"

"खरं ते."

"काय खरं?"

"हेच, की आपल्या घराकडं तोरणाचं काम होतं आणि तुम्ही ते सोडलं."

ते ताठ झाले. "कोणी विचारलं होतं तुला?"

"त्या विचारत होत्या ना, का येत न्हाई म्हणून—"

"पोट दुखतंय म्हणायचं. बाप मेला म्हणायचं."

"अवं!" माय ओरडली.

"तुम्हीच तर म्हणाले, लावायचं न्हाई."

"लावू नको म्हणलो. सांग म्हणलो का?" त्यांचा आवाज चढला तो असा की शेजारी कोणीतरी टीव्ही बारीक केला. "अख्ख्या गावाला म्या सांगितलं न्हाई. थुंकून घेतलं, पर सांगितलं न्हाई. तुला कुठं हे तोंडातून काढावं लागू नये म्हणून सोडलं म्या ते. आन् तू तिथं जाऊन टेबलावर मांडून आली!"

माझं फडकं, ती मुलगी, बदललेला बाक, हे सगळं त्यांना तेव्हाच कळलं होतं, हे मला इतक्या वर्षांनी त्या ओरडण्यातून कळलं. त्याबद्दल त्यांचे आभार मानायचे तर ती वेळ नव्हती.

माय ताटं वाढायला लागली तेव्हा त्यांनी विचारलं, "काय म्हणली ती?"

"म्हणाल्या, आम्ही असलं काही मानत नाही."

आबा हसले. तसं हसू मी त्यांचं कधी ऐकलं नव्हतं. "पाटील बी तेच म्हणायचा. आमी कुठं मानतो रे, तू आपलं बांध."

संक्रांत होऊन गेली तरी ते माझ्याशी तुटकच बोलत होते. शाळेत माझं नाव पुढच्या वर्षीही राहिलं, कारण माझे तास घ्यायला दुसरं कोणी मिळालं नाही. मॅडम मला अहो-जाहो करतात. पालकांसमोर माझं कौतुक करायचं त्यांनी थांबवलं आहे. स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवायचं काम बाहेरच्या माणसाला दिलं, आणि त्यानं मोराचे पाय बदकासारखे काढले.

या वर्षी डिसेंबर लागला तेव्हा मी उगाच वाट बघितली. मोबाइलवर दोन-तीन नवी चक्रं बघून ठेवली होती, आणि काटे प्लायऐवजी पत्र्याचे करता येतील असं मनात ठरवलंही होतं. गेल्या वर्षीचं लाकडी चक्र असतानाही मॅडमनी नांदेडहून प्लॅस्टिकचं आणवलं, चमकीचं. मावशींनी ते अडकवलं. मला कोणी काही विचारलं नाही.

रविवारी आबा ओसरीवर बिडी ओढत बसले होते. मी कपडे वाळत घालत होते.

"औंदा काही कापून राहिली न्हाई?" ते म्हणाले.

"नाही. बाजारातून आणलं त्यांनी."

"बरं झालं."

मी साडी पिळून दोरीवर टाकली. त्यांनी बिडी विझवली.

"वाईट वाटलं का?" माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं.

त्यांना राग येईल हे माहीत असूनही मी हो म्हणाले.

"मला बी वाटलं होतं," ते म्हणाले. "सोडलं त्या पोळ्याला. दिवसभर हात रिकामे होते."